मदत हवी आहे : मुलांसह पहिलीच क्रूझ, केबिन कोणती घ्यावी?

आम्ही उभयता, आठ वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा प्रथमच 3 रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. मुलीला बसमध्येही दुसऱ्या वळणालाच मळमळू लागते, त्यामुळे हेलकावे सर्वांत कमी जाणवतील अशी, खालच्या डेकवरील जहाजाच्या मध्यभागाची केबिन घ्यावी असे मला वाटते, परंतु घरच्यांचा कल बाल्कनीकडे आहे (आणि धाकटा हाती लागेल त्यावर चढतो!). बाल्कनीच्या दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कडी असते का? बहुतेक जहाजांवर मुलांच्या क्लबमध्ये 3 वर्षांखालील मुलांना पालकांविना ठेवून घेत नाहीत आणि डायपरमधील मुलांना पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. मग एवढ्या लहान मुलाला आपण दिवसभर कसे रमवलेत? मोठे सामान केबिनमध्ये उशिरा पोहोचते, तोवर हातातील पिशवीत काय असावे, हेही कृपया कळवावे.