तारकर्लीहून परतलो आणि समोर वादळाची सूचना: सातव्या मजल्यावर काय तयारी करावी?

प्रश्न – बोरिवलीकर

आठ दिवस तारकर्लीत राहून काल रात्री आम्ही घरी परतलो. निघताना समुद्र इतका शांत होता की मुलांना पाण्याबाहेर काढणे कठीण झाले होते. आणि गाडी पनवेलला पोहोचेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामान खात्याची सूचना येऊन पडली, की अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार होत असून परवापासून मुंबईत मुसळधार पाऊस आणि सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. फ्रीज रिकामा आहे, ओल्या कपड्यांच्या बॅगा तशाच पडल्या आहेत आणि आंब्याच्या दोन पेट्या अजून दारातच आहेत.

आमच्या इमारतीचे रंगकाम सुरू असल्याने भोवती बांबूची परांची आणि हिरवी जाळी आहे. पश्चिमेला सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या आहेत. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. शेजारी म्हणतात, वादळ गुजरातकडे जाणार आहे, मुंबईला धोका नाही. यावर विसंबावे का? की आईला बहिणीकडे पुण्याला पोहोचवावे?

दर्याकिनारी

शेजाऱ्यांचा तर्क २०२१ सालीही अनेकांनी केला होता. तौक्ते चक्रीवादळाचा केंद्रबिंदू १७ मे रोजी मुंबईपासून दूर समुद्रातूनच उत्तरेकडे सरकला आणि त्याने किनारा गाठला तो रात्री, गुजरातमध्ये. तरीही कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेले, चोवीस तासांत २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि विमानतळ कित्येक तास बंद ठेवावा लागला. उलट ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ शेजारच्या रायगडात थेट जमिनीवर आले, पण मुंबई तुलनेने थोडक्यात वाचली.

याचे एक कारण बाजूचे आहे. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे ते ज्या दिशेने सरकते तिच्या उजव्या अंगाला वारा अधिक जोरकस असतो. तौक्ते उत्तरेकडे जात असताना आपण त्याच्या उजव्या हाताला होतो. निसर्ग ईशान्येकडे जमिनीवर चढले तेव्हा डाव्या. म्हणून ‘वादळ कुठे धडकणार’ याइतकेच ‘ते आपल्या कोणत्या बाजूने जाणार’ हे पाहावे, आणि भरतीची वेळही.

कुंडीवाली

खिडक्यांच्या काचांवर रुंद चिकटपट्टीची फुली मारा, आम्ही दर वेळी मारतो. गॅलरीतील कुंड्या मात्र आधी आत घ्या.

माजी सचिव, दादर

ताई, चिकटपट्टीने काच फुटायची थांबत नाही. उलट मोठे तुकडे एकत्र चिकटून पडण्याची भीती असते. त्यापेक्षा खिडक्यांच्या कड्या नीट लागतात का ते पाहावे, खाचांमधली पाणी जाण्याची छिद्रे साफ करावीत आणि वारा वाढल्यावर काचेजवळ कोणी झोपू नये.

बोरिवलीकर, तुमच्याकडची खरी धोक्याची वस्तू परांची आहे. जाळी शिडासारखी वारा धरते आणि सगळा ताण बांबूंच्या बांधणीवर येतो. कंत्राटदाराला आजच लेखी कळवून जाळी उतरवून घ्या, फळ्या आणि रंगाचे डबे खाली आणवा, आणि परांचीखालची वाहने हलवायला लावा. (आमच्या वेळी ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्या सदस्याच्याच गाडीवर बांबू पडला होता, पण ते असो.)

वीज गेली की पंप बंद पडतो आणि सातव्या मजल्यावर पाणी चढत नाही. तेव्हा गच्चीवरची टाकी आधीच भरून घ्यावी, घरातही पिंप आणि बादल्या भराव्यात. लिफ्ट बंद पडण्याच्या शक्यतेने आईची औषधे आठवड्याभराची आणून ठेवा. त्यांना पुण्याला न्यायचेच असेल तर आजच न्या; रेड अलर्टच्या दिवशी घाटातून प्रवास करण्यापेक्षा घरात राहणे कितीतरी बरे. झाड पडले किंवा पाणी शिरले तर महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे.

बोरिवलीकर

सर्वांचे आभार. आई पुण्याला जायला तयार नाही. आंबे पिकायला लागले आहेत, हे तिचे कारण. कंत्राटदार आधी कुरकुरत होता, परंतु सचिवांनी पत्र दिल्यावर उद्या सकाळी सातला जाळी उतरवण्याचे त्याने मान्य केले आहे. बांबू उतरवायला मात्र तीन दिवस लागतील असे तो म्हणतो, म्हणून पश्चिमेकडील बांधणी तरी पुन्हा आवळून घ्यावी, असा आग्रह आम्ही धरला आहे. गाड्या आज रात्रीच हलवत आहोत.