पोलाद-अॅल्युमिनियमवर ५० टक्के शुल्क: अमेरिकेची सुरक्षा वाढली की घटली?

मिशिगनवासी (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि अॅल्युमिनियमवरचं आयातशुल्क २५ वरून ५० टक्क्यांवर नेलं. २०१८ मध्येही या दोन धातूंवर शुल्क लागलं होतं, कायद्याचा आधार तेव्हाचाच, म्हणजे १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातलं कलम २३२. अमुक मालाच्या आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला बाधा येते असा अहवाल वाणिज्य खात्याने दिला की राष्ट्राध्यक्ष शुल्क लावू शकतात, काँग्रेसची वेगळी मंजुरी लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या शुल्काने अमेरिकेची सुरक्षा वाढत नाही, आणि जिथे खरी उणीव आहे तिथे ते पोचतच नाही.

अॅल्युमिनियमचंच बघा. केंटकी राज्यात हॉझव्हिल नावाच्या गावी एक स्मेल्टर, म्हणजे अॅल्युमिनियम धातू काढणारा कारखाना होता. लष्करी वापराचं अतिशुद्ध अॅल्युमिनियम काढणारा देशातला सगळ्यात मोठा. जून २०२२ मध्ये तो बंद ठेवावा लागला. तेव्हा अॅल्युमिनियमवर २०१८ चं १० टक्के शुल्क लागू होऊन चार वर्षं झाली होती! मग बंद का पडला? विजेच्या दरामुळे. एक टन अॅल्युमिनियम काढायला साधारण १४ ते १५ हजार युनिट वीज लागते. शिवाय हा कारखाना वाटेल तेव्हा चालू-बंद करता येत नाही. वीज काही तास गेली तरी पॉटमधला (धातू काढायच्या भांड्यातला) वितळलेला धातू थिजतो आणि पॉटची पूर्ण रांग वाया जाते. आयातशुल्काने वीज स्वस्त होत नाही.

आणि शुल्क पडतं कोणावर? अमेरिकेला सर्वाधिक अॅल्युमिनियम देतो कॅनडा, क्वेबेकच्या जलविद्युतेवर काढलेलं. अमेरिकेच्या संरक्षण उत्पादन कायद्यात कॅनडातला पुरवठादार 'देशांतर्गत' धरला जातो. एका कायद्याने घरचा आणि दुसऱ्याने धोकादायक, हे मला समजत नाही.

२०१८ मध्ये संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी लेखी कळवलं होतं की सैन्याची पोलाद आणि अॅल्युमिनियमची गरज प्रत्येकी देशातल्या उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे. मित्रदेशांवर काय परिणाम होईल याची काळजीही त्याच पत्रात आहे. संरक्षण खातंच असं म्हणत असेल तर सुरक्षेचं कारण टिकत नाही.

घणाघात

मॅटिस यांचं पत्र अर्धंच सांगितलंत. गैरमार्गाच्या व्यापारातून येणाऱ्या पोलाद-अॅल्युमिनियममुळे राष्ट्रीय सुरक्षेला बाधा येते, या वाणिज्य खात्याच्या निष्कर्षाशी त्यांनी त्याच पत्रात सहमती दर्शवली होती. तेही सांगायला हवं होतं.

३ टक्क्यांचा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही. ती शांततेच्या काळातली गरज. दुसऱ्या महायुद्धात बेथलेहेम स्टील या एका कंपनीने हजारावर जहाजं बांधली, कारण भट्ट्या, गोद्या आणि कसबी कामगार आधीपासून हाताशी होते. ती कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आज जगातली निम्म्याहून जास्त व्यापारी जहाजं चीन बांधतो आणि अमेरिकेचा वाटा एक टक्काही नाही. चीन वर्षाला सुमारे १०० कोटी टन पोलाद काढतो, अमेरिका ८ कोटी. प्रसंग आल्यावर ही क्षमता कुठून आणणार?

टीएनटी या स्फोटकाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेत १९८६ पासून टीएनटी बनतच नव्हतं, बाहेरूनच घेतलं जात होतं. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यांसाठी पोलंडकडे बघायची वेळ आली. नव्या कारखान्याचं कंत्राट निघायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. "मित्रदेशाकडून घेऊ" या विचाराने बंद केलेली गोष्ट परत उभी करायला किती वर्षं जातात ते यातून दिसतं.

मी पिट्सबर्गजवळ मनोंगहेला नदीच्या खोऱ्यात राहतो. बंद पडलेल्या पोलाद गिरण्यांची गावं रोज बघतो. भट्टी विझली की माणसं पांगतात. मग लोखंडाचा रस बघून तापमान ओळखणारा माणूस पगार वाढवला म्हणून परत मिळत नाही.

खरेदीखातं

ओहायोतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा ठोकून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) मी कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, खरेदी करते. रोज काय घडतं तेवढं सांगते.

बाहेरच्या मालावर ५० टक्के लागले म्हणजे फक्त बाहेरचा माल महागला असं होत नाही. देशातली गिरणीही त्याच अंदाजाने भाव चढवते. स्पर्धाच उरली नाही तर ती कमी भावात का देईल? आम्ही त्या पत्र्याचे ब्रॅकेट ठोकतो. आमच्या गिऱ्हाइकाशी वर्षाचा करार असतो, त्यात भाव लगेच वाढवून मिळत नाही. मधला फरक आमच्या खिशातून जातो. त्यातून परदेशातून तयार ब्रॅकेट मागवणं स्वस्त पडू लागलं, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने पोलाद-अॅल्युमिनियम असलेल्या आणखी ४०७ प्रकारच्या वस्तू शुल्काखाली आणल्या. तेव्हा वस्तूत पोलाद किती किमतीचं आहे हे आयातदाराने मांडून दाखवायचं होतं. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे मी आणि एक अर्धवेळ हिशेबनीस.

घणाघात, तुमच्या खोऱ्यातल्या गावांबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. पण पोलाद वापरणारे कामगार पोलाद बनवणाऱ्यांच्या कितीतरी पट आहेत. २०१८ च्या शुल्कांचा फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये अभ्यास केला. कच्चा माल महागला आणि इतर देशांनी उलटी शुल्कं लावली, त्यामुळे कारखान्यांतला एकूण रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं. आमची प्रेस शॉप हीसुद्धा संरक्षणक्षमताच आहे. उद्या तोफगोळ्यांचे सुटे भाग ठोकायला हेच प्रेस आणि हीच माणसं लागतील.

कोल्हापुरी साचा

इकडचंही थोडं सांगतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेले वाहनांचे भाग अमेरिकेला जातात. २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवर याच कलमाखाली २५ टक्के लागले. ट्रकच्या ब्रेक ड्रमने अमेरिकेच्या सुरक्षेला काय धोका आहे, हे इथल्या ओतारी कामगाराला कसं समजावून सांगायचं?

घणाघात

@कोल्हापुरी साचा, तुमची अडचण खरी आहे. पण भारतही वाहनांवर आणि पोलादावर शुल्क लावतोच की, आपल्या कारखान्यांसाठी. तो हक्क अमेरिकेलाही आहे.

@खरेदीखातं, तुमचा मुद्दा वजनदार आहे, तरी ही एका पक्षाची लहर नाही हे लक्षात घ्या. बायडन यांनी ही शुल्कं रद्द केली नाहीत. युरोपला ठरावीक कोट्यापर्यंत सूट दिली, बाकी चौकट तशीच ठेवली. पोलाद कामगारांची संघटनाही शुल्काच्या बाजूने आहे. आणि कॅनडा मित्र असला तरी चीनचा जादा माल जगभर भाव पाडतो तेव्हा एकच दार लावून भागत नाही. तो माल तिसऱ्या देशातून येतो, किंवा तिसऱ्या देशाचा माल हुसकावून इकडे ढकलतो.

पोटोमॅककाठी

दोन्हीकडून महत्त्वाची एक गोष्ट राहिली आहे. 'राष्ट्रीय सुरक्षा' हे कारण इतकं सैल झालंय की त्याला काहीही टांगता येतं. निप्पॉन स्टीलने यूएस स्टील विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये बायडन यांनी सुरक्षेच्या कारणाने सौदा अडवला. जपानमध्ये अमेरिकेचे ५० हजारांवर सैनिक तैनात आहेत, आणि त्याच देशाची कंपनी धोकादायक! जूनमध्ये ट्रम्प यांनी तोच सौदा मंजूर केला, सरकारला नकाराधिकार देणारा 'गोल्डन शेअर' ठेवून. निप्पॉनने २०२८ पर्यंत ११ अब्ज डॉलर गुंतवायचं कबूल केलंय. म्हणजे जुन्या गिरण्यांत नवा पैसा आला तो परदेशी मित्राकडून. घणाघात यांच्या खोऱ्यातल्या गिरण्याही त्यात येतात.

मॅटिस यांच्या पत्रातली तिसरी गोष्ट कोणीच सांगितली नाही. सगळ्या जगावर सरसकट शुल्क लावण्यापेक्षा नेमक्या देशांवर लावलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

घणाघात

गुंतवणूक आली हे मान्य. पण शुल्काची भिंत नसती तर निप्पॉन इथे कारखाना घ्यायला आली असती का? मला नाही वाटत.

आणि शुल्क नको तर काय हवं तेही सांगा. नुसतं 'नको' म्हणून भट्टी पेटत नाही.

मिशिगनवासी (धागाकर्ता)

मॅटिस यांच्या पत्रातल्या सहमतीचा मुद्दा बरोबर आहे. पण ती सहमती गैरमार्गाच्या आयातीबद्दल आहे, क्वेबेकच्या अॅल्युमिनियमबद्दल नाही.

काय हवं? खरेदीची हमी. स्क्रँटनच्या लष्करी कारखान्यात पोलादी दांड्यांचे तुकडे लालबुंद तापवून प्रेसखाली त्यांचं तोफगोळ्याचं कवच करतात. युद्धाआधी देशात महिन्याला १४ हजारांच्या आसपास गोळे बनत, लक्ष्य आता १ लाखाचं आहे. आधी इतके कमी का? सैन्याची मागणीच तेवढी होती. वाढले ते ऑर्डर आणि यंत्रांसाठी पैसे आले म्हणून, कॅनडावर शुल्क लावल्याने नाही. तुमचं टीएनटीचं उदाहरणही याच बाजूचं आहे. तो कारखाना सैन्याच्या कंत्राटावर उभा राहतोय.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीचं. लढाऊ विमानांतल्या चुंबकांना लागणारे रेअर अर्थ धातू तिथे निघतात. चीनच्या पडलेल्या भावापुढे खाण टिकली नाही, आधीची मालक कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोर झाली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खात्याने आताच्या कंपनीत ४० कोटी डॉलर घालायचं ठरवलं आणि निओडिमियम-प्रासिओडिमियम या रेअर अर्थ धातूंना किलोमागे ११० डॉलर किमान भावाची १० वर्षांची हमी दिली. भाव त्याखाली गेला तर फरक सरकार भरणार. हॉझव्हिलला अशी हमी आणि स्वस्त विजेचा करार २०२२ मध्ये मिळाला असता तर तो स्मेल्टर चालू राहिला असता असं मला वाटतं.

घणाघात

त्या हमीचे पैसे करदात्याचेच. आणि सरकार बदललं, तिजोरीत खडखडाट झाला, की असले करार पहिल्यांदा कापले जातात. शुल्क निदान तिजोरीत भर घालतं. तरी हॉझव्हिलच्या विजेचा मुद्दा मी सोडून देत नाही. विजेच्या करारासोबत शुल्क, असं असेल तर माझी तयारी आहे.

खरेदीखातं

करदात्याने भरलेला पैसा अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर काँग्रेसमध्ये मतदान होतं. आमच्या दुकानातून गेलेला पैसा कुठल्याच अंदाजपत्रकात खर्च म्हणून लिहिला जात नाही. मला पहिला प्रकार चालेल. आणि घणाघात, विजेच्या करारासोबत शुल्क ठेवायचंच असेल तर ते फक्त अतिशुद्ध अॅल्युमिनियमपुरतं ठेवा, माझ्या ब्रॅकेटच्या पत्र्यावर नको.