आवडते नट आणि क्रिकेटपटू मद्याची जाहिरात करतात, मग मुलांना काय सांगावे?

मलप्रभाकाठ (खानापूर):
नमस्कार. माझा भाचा बेळगावात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. गणपतीच्या सुट्टीत घरी आला असता, मित्रांबरोबर बिअर घेतो हे त्याने आपण होऊन मला सांगितले. त्याने लपवले नाही याचे मला बरे वाटले, परंतु त्याच्या तीन मुद्द्यांना मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. एक, बिअर ही दारू नव्हे. दोन, थोडी घेतल्यास हृदयाला चांगली. तीन, ज्या अभिनेत्यांना आणि खेळाडूंना तो मानतो, ते मद्याच्या नावांचे उघड प्रदर्शन करतात आणि तरीही त्यांची शरीरे पिळदार आहेत. दारूपायी जमिनी विकलेली घरे आमच्या गावात आहेत, पण ती उदाहरणे दिली की तो म्हणतो, "मामा, ती हातभट्टीची गोष्ट वेगळी." धाक न घालता, खरे तेच सांगून त्याच्याशी कसे बोलावे?

वैद्य-टिळकवाडी:
भाच्याने आपल्याला विश्वासात घेतले आहे, तेव्हा उत्तरही हिशेबाने द्यावे. बाजारात मिळणाऱ्या ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्के अल्कोहोल असेल, तर त्या एका बाटलीतून सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे आपला भाचा "फक्त एक बिअर" म्हणतो तेव्हा तो चार लहान पेग घेत असतो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल निकालात काढू शकते आणि कॉफीने, आंघोळीने किंवा लिंबूपाण्याने हा वेग वाढत नाही. चोर्ला घाटातून रात्री दुचाकीवर परतणाऱ्या मुलांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी काही अपघात टळतील.

अल्कोहोलचे शरीरात प्रथम असिटाल्डिहाइड होते आणि हे द्रव्य पेशींतील डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे विशेष सांगावेसे वाटते, कारण तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेपेक्षाही अधिक वाढतो. इथे हातभट्टी आणि महागडी बाटली यांत फरक नाही, कारण दोन्हींतले इथेनॉल एकच आहे.

हृदयाच्या मुद्द्याविषयी: जुन्या अभ्यासांत थोडे पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले होते, पण "न पिणारे" म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते. तुलनाच सदोष होती. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही.

निपाणीकर मास्तर:
डॉक्टरांनी शरीराचे सांगितले, मी तिसऱ्या मुद्द्याचे सांगतो. मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला १९९४ च्या केबल नियमांनी बंदी आहे. म्हणून त्याच नावाचा सोडा, पिण्याचे पाणी किंवा संगीताची सीडी दाखवली जाते आणि समोर चेहरा उभा केला जातो तो मुलांच्या लाडक्या नटाचा. ते पाणी किंवा ती सीडी दुकानात शोधायला कोणी जात नाही. मनात राहते ते नाव. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींनाही मनाई केली आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही समाजमाध्यमांवर हे चालू आहे. आपल्या कर्नाटकाच्या रॉयल चॅलेंजर्स या आयपीएल संघाचे नावच एका व्हिस्कीच्या नावावरून आले आहे आणि त्या संघाची जर्सी आपल्या गल्लीतील दहा वर्षांची मुले अभिमानाने घालतात. मुलांचा यात काहीच दोष नाही.

भाच्याला एवढेच विचारावे, की त्या नटाच्या पिळदार शरीरामागचा आहारतज्ज्ञ, व्यायामशिक्षक आणि करारपत्र जाहिरातीत का दिसत नाही? सचिन तेंडुलकर यांनी तंबाखू आणि मद्याच्या जाहिराती नाकारल्या, त्यामागे त्यांचे वडील, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांना दिलेला शब्द होता. प्रसिद्धी मिळाली म्हणजे पैशासाठी हे करावेच लागते, असे नाही.

येळ्ळूरची लेक:
मी भाच्याच्याच वयाच्या मुलांमध्ये वावरते, म्हणून लिहिते. आमच्यातील बहुतेकांना मद्याची चव आधी आवडत नाही. गटातून बाहेर पडू नये म्हणून पहिला घोट घेतला जातो. त्यात आपण तीन राज्यांच्या सीमेवर राहतो. कर्नाटकात २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकता येत नाही, महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, तर गोव्यात १८. त्यामुळे सहल गोव्याची ठरते. महाराष्ट्रात गावातील निम्म्या महिला मतदारांनी मतपत्रिकेवरील आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मत दिले की दुकान बंद होते. तो कायदा आपल्याला लागू नाही, याची मला खंत वाटते. काकांनी भाच्याला "पिऊ नकोस" एवढेच न सांगता, गटात राहूनही नकार कसा द्यायचा, यावर त्याच्याशी बोलावे. "गाडी मी चालवणार आहे" हे कारण आमच्यात सहज मान्य होते.

मलप्रभाकाठ (खानापूर):
सर्वांचा आभारी आहे. रविवारी त्याला डॉक्टरांचा हिशेब कागदावर मांडून दाखवणार आहे. आणखी एक विचारतो. शेजारचे एक गृहस्थ कित्येक वर्षे रोज पितात आणि घरच्यांनी उद्यापासून घरात बाटली येऊ द्यायची नाही असे ठरवले आहे. हे योग्य आहे का?

वैद्य-टिळकवाडी:
कृपया असे अचानक करू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर हातापायांना कंप सुटतो, फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. बी-१ जीवनसत्त्वासह योग्य औषधे दिली की हा काळ सुरक्षितपणे पार पडतो. धारवाडची डिमहान्स ही शासकीय मानसोपचार संस्था आपल्याला जवळ आहे. तिथे जाण्यापूर्वी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरच्यांनी बोलून घ्यावे. गृहस्थांना कावीळ, पोटात पाणी किंवा रक्ताची उलटी यांपैकी काही असेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावे.