अकोल्याच्या उन्हात दिवसभर गार पाणी: एक लिटरची बाटली कोणती घ्यावी? (चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

खारपाणपट्टा

सकाळी 9 ला दुचाकीवर निघायचं, शेतांवर फिरून संध्याकाळी 6 ला परत. मे महिन्यात पारा 44-45 ला. बाटली सॅकच्या बाजूच्या खिशात राहते, म्हणजे बराच वेळ थेट उन्हात. सध्याच्या बाटलीतलं पाणी दुपारी 1 पर्यंतच कोमट होतं. खोक्यावर मात्र '24 तास थंड' छापलंय.

एक लिटरची नवी घ्यायची आहे. दुकानात 700 पासून 1500 रुपयांपर्यंत सगळ्या सारख्याच दिसतात. 304 स्टील म्हणजे नक्की काय? दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, ते कितपत खरं? झाकण बटणाचं की साधं आट्याचं? शिवाय चौथीतल्या मुलीसाठी शाळेत न्यायला एक हवी आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे, हेही लक्षात घ्या. ब्रँड सुचवू नका, काय बघून घ्यायची ते सांगा.

निर्वात

आधी एक गोष्ट. 'इन्सुलेटेड' हा शब्द तीन वेगळ्या वस्तूंवर छापला जातो. पहिली फोमची: आत प्लास्टिक किंवा स्टील, बाहेर प्लास्टिक, मधे फोम. दुसरी दुहेरी भिंतीची, पण मधे नुसती हवा. तिसरी खरी निर्वात बाटली, जिच्या दोन स्टीलच्या भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते. खोक्यावर नुसतं 'डबल वॉल' असेल आणि 'व्हॅक्यूम' कुठेच नसेल तर ती दुसऱ्या जातीची समजा. दिवसभरासाठी तिसरीशिवाय पर्याय नाही. तत्त्व जुनंच आहे, जेम्स ड्यूअरने 1892 मध्ये काचेत केलं तेच.

आता त्या '24 तासां'चं. हा आकडा साधारण खोलीच्या तापमानाला, बाटली गच्च भरून, एकदाही न उघडता काढलेला असतो. उष्णता आत शिरण्याचा वेग आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. पाणी 8 अंशांचं आणि खोली 27 ची, तर फरक 19. तेच पाणी तुमच्या 44 अंशांत नेलं की फरक 36. म्हणजे बाटली तीच, पण उष्णता जवळपास दुप्पट वेगाने आत येणार. वर थेट ऊन पडलं की बाहेरचा पत्रा हवेपेक्षाही तापतो.

आकड्यांत बघू. एक लिटरची चांगली बाटली धरा: 30 अंशांच्या खोलीत 95 अंशांचं पाणी 12 तासांनी 65 वर येतं. त्याच बाटलीत 8 अंशांचं पाणी भरून 44 अंशांत ठेवलं तर 8 तासांनी ते साधारण 20 अंशांवर जाईल. 27 च्या खोलीत ते 14-15 वरच थांबलं असतं. म्हणजे अगदी उत्तम बाटलीतही नुसतं फ्रिजचं पाणी तुम्हाला संध्याकाळी 'गार' मिळेल, 'थंडगार' नाही.

खरी किमया बर्फाची. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता गिळतो. 200 ग्रॅम बर्फ म्हणजे 16,000 कॅलरी. तेवढ्यात एक लिटर पाणी 16 अंशांनी तापलं असतं. 800 मिली फ्रिजचं पाणी आणि 200 ग्रॅम बर्फ भरा. सुरुवातीला 80 ग्रॅम बर्फ पाणी शून्यावर आणण्यात जाईल, उरलेला 120 ग्रॅम 44 अंशांत चारेक तास टिकेल, आणि 8 तासांनी पाणी 8 अंशांच्या आसपास असेल. बर्फाशिवाय 20, बर्फासह 8. झाकण उघडत राहाल तसा हा हिशेब थोडा बिघडेल, पण फरक तेवढाच मोठा राहील.

म्हणून घेताना तोंडाचा व्यास बघा. आतून 4.5 सेंमी असेल तर ट्रेमधले खडे सरळ जातात. 4 सेंमीच्या आत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडावा लागतो. चुरा लवकर वितळतो, पण वजन तेवढंच असेल तर एकूण थंडावाही तेवढाच. फार रुंद तोंडाच्या मात्र नको. निर्वात बाटलीत उष्णता मुख्यतः झाकणातून आणि गळ्यातून येते, कारण आतली आणि बाहेरची भिंत गळ्याशीच जोडलेली असते.

आणखी एक: बाटली फ्रिजमध्ये ठेवून पाणी गार होत नाही. उष्णता आत येऊ न देणारी भिंत ती बाहेरही जाऊ देत नाही. पाणी वेगळ्या भांड्यात गार करा आणि भरण्याआधी बाटलीत 5-10 मिनिटं गार पाणी ठेवून ओतून द्या. आणि पाणी भरून फ्रीझरमध्ये तर कधीच नाही! गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, आतली भिंत फुगून बाहेरच्या भिंतीला टेकते, आणि त्या दिवसापासून तो महागडा तांब्या.

सांडशी

वरचा हिशेब मला पटला. मी फक्त स्टीलबद्दल.

लोहचुंबकाची परीक्षा जवळपास निरुपयोगी आहे. 304 ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण 201, 202 आणि भांड्यांत सर्रास वापरलं जाणारं जे-4, या स्वस्त ग्रेडच्या स्टीललाही चिकटत नाही. उलट खरं 304 ओढून-दाबून घडवताना गळ्याशी आणि बुडाशी किंचित चुंबकीय होतं, म्हणजे चांगली बाटली नापास व्हायची! चुंबक कडक चिकटला तर ते 430 सारखं निकेलशिवायचं स्टील आहे, एवढंच त्यावरून कळतं.

304 म्हणजेच 18/8: सुमारे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. 201 मध्ये निकेल 3.5 ते 5.5 टक्के, जे-4 मध्ये 1 च्या आसपास. उरलेली जागा स्वस्त मँगनीज भरून काढतं. चकाकी सारखीच, पण खाऱ्या पाण्यात 201 आणि जे-4 वर लवकर ठिपके पडतात. तुमच्या भागात हा मुद्दा पुण्या-नाशिकपेक्षा जास्त महत्त्वाचा. 316 मध्ये 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खारटपणाला आणखी टिकतं. पण पिण्याचं पाणी रोज बदललं जात असेल तर 304 पुरे.

बरेचदा आतली भिंत 304 आणि बाहेरची 201 असते. यात फसवणूक नाही, पाणी आतल्या भिंतीलाच लागतं. मात्र लेबलवर नुसतं 'स्टेनलेस स्टील' असेल आणि ग्रेडच नसेल तर सोडून द्या. ज्याला खरंच तपासायचंय त्याने भंगारवाल्याकडे जावं. त्यांच्याकडे एक द्रावण असतं, थेंब टाकून 9 व्होल्टची बॅटरी लावली की 201 वर लाल डाग उमटतो. डाग राहतो, म्हणून बुडाशी बाहेरून करायचं. पण बाहेरची भिंत तपासून आतली कळत नाही, तेव्हा ही हौस फार कामाची नाही.

त्यापेक्षा आयएसआय शिक्का बघा. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो: निर्वात स्टील बाटलीवर आयएस 17526, एकेरी भिंतीच्या पाण्याच्या बाटलीवर आयएस 17803. खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर टाका. परवाना कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे का ते तिथेच दिसतं. व्हॅक्यूम म्हणून विकलेल्या बाटलीवर 17803 दिसला तर दुकानदाराला तिथेच विचारा.

गॅस्केट

बाटली बिघडली म्हणून जेवढ्या परत येतात, त्यातल्या बऱ्याच झाकणाच्या निघतात.

उन्हात दिवसभर फिरायचं असेल तर आट्याचं भरीव झाकण. जाड झाकणात फोम असतो, गळ्यातून येणारी उष्णता तेच अडवतं. बटणाच्या झाकणाला स्प्रिंग, वाल्व्ह, दोन-तीन रबरी कड्या. चहासाठी सोयीचं, पण पोकळ जागेत पाणी साचतं आणि बुरशी धरते. घ्यायचंच असेल तर हातांनी पूर्ण उघडता येणारं घ्या. कोंबून बसवलेलं, न उघडणारं बटण सहा महिन्यांत वास मारतं.

स्ट्रॉच्या झाकणात गरम काहीही नको. वरची कोंडलेली हवा तापून फुगते आणि स्ट्रॉ उघडताच पाणी थेट तोंडावर उडतं. लहान मुलांच्या बाबतीत तर हे लक्षात ठेवाच.

घरी आणल्यावर, बिल हातात असेपर्यंत, दोन परीक्षा घ्या.

पहिली: उकळतं पाणी काठापासून 2 सेंमी कमी भरा, झाकण लावा, 10 मिनिटं थांबा. मग हाताचा मागचा भाग बाहेरून फिरवा. गळ्याखाली एक-दोन बोटं कोमट लागणं ठीक आहे, तिथे भिंती जुळतात. पोट किंवा बूड गरम लागलं तर निर्वात गेलेला आहे, बदलून घ्या. नंतर कधी शंका आली तर पावसाळ्यात बर्फाचं पाणी भरून ठेवा. बाहेरून घाम फुटला तर कारभार संपला.

दुसरी: पाणी भरून वर्तमानपत्रावर 15 मिनिटं उलटी ठेवा. मग आडवी करून हलवा. कागद ओला झाला तर आधी रबरी कडी काढून परत बसवा. कडी मुळात जशी होती त्याच बाजूने बसायला हवी. धुतल्यावर उलटी बसवणं हे गळतीचं सगळ्यात साधं कारण.

बुडाबद्दल: निर्वात केल्यानंतर बूड एका ठिपक्याशी बंद करतात, त्यावर चकती असते. काही कारखाने त्या बंद करण्याच्या मिश्रणात शिसं वापरतात. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेत यावरून बराच गदारोळ झाला होता. ते चकतीखाली झाकलेलं असतं, पाण्याला लागत नाही. चकती निघून पडली तर मात्र बाटली वापरू नका. दुचाकीवरून बुडावर पडली आणि पोचा आला, तर उकळत्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या. पोटावरचा छोटा पोचा सहसा चालतो, बुडाचा नाही.

खारपाणपट्टा

सगळ्यांचे आभार. जुन्या बाटलीला उकळतं पाणी घालून बघितलं, पोट चांगलंच तापतंय. म्हणजे ती गेलेलीच होती!

दोन शंका. तिच्या आत तळाशी तपकिरी ठिपके आहेत, वर पांढरा थर. हा गंज की क्षार? आणि मुलीसाठी काय? तिची आई म्हणतेय त्यातच सकाळी गरम दूध देऊ.

सांडशी

आधी ओळखा. कपभर गरम पाण्यात एक चमचा लिंबूफूल विरघळवून ठिपक्यांवर अर्धा तास ठेवा, मग मऊ ब्रशने पुसा. पांढरा थर फसफसून सुटेल, तो कॅल्शियमचा क्षार. तपकिरी रंगही निघून गेला आणि खाली पत्रा गुळगुळीत असेल तर तो बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा थर होता, स्टील ठीक आहे. ठिपका तिथेच राहिला आणि नखाला खड्डा लागला तर स्टीलच खाल्लं गेलंय.

नव्या बाटलीला पंधरवड्यातून एकदा हे करा: एक लिटर गरम पाण्यात 15 ग्रॅम लिंबूफूल, एक तास, झाकण उघडं ठेवून. क्षारावर आम्ल पडलं की वायू सुटतो. झाकण लावलंत तर दाब साचेल आणि उघडताना उसळेल. चहाचे डाग असतील तर लिंबूफूल नाही, खायचा सोडा: एक मोठा चमचा, गरम पाणी, दोन-तीन तास. सोडा आणि लिंबूफूल एकत्र टाकू नका, दोघं एकमेकांना संपवतात आणि हाती नुसता फेस उरतो. वास आला असेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं कोमट पाणी घालून खळखळून हलवा.

ब्लीच आणि तारेची घासणी वर्ज्य. ब्लीचमधला क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतो, तुमच्या खाऱ्या पाण्याचंच मोठं भावंडं ते. त्याच कारणाने मीठ घातलेलं लिंबू सरबत रात्रभर ठेवू नका. सकाळी भरून दुपारी संपवलं तर हरकत नाही.

गॅस्केट

दूध नको. गरम दूध बाटलीत हळूहळू निवतं, म्हणजे 60 अंशांखाली बराच वेळ रेंगाळतं, आणि जंतू वाढायला हीच ऊब लागते. नासलं की वायू धरतं आणि वास रबरी कडीत मुरतो. सकाळी घरीच पाजून पाठवा.

मुलीसाठी 500 मिलीची पुरे. निर्वात बाटली रिकामी 250 ते 300 ग्रॅम, भरून 800. दप्तरात आधीच ओझं असतं, तेव्हा एक लिटरचा मोह टाळा. लहान बाटलीत पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती मोठीएवढी टिकवत नाही, पण शाळेच्या 5-6 तासांना चालते; त्यात बर्फाचे 4-5 खडे टाका. झाकण तिच्या हाताने उघडतं का ते दुकानातच उघडून बघू द्या. नवीन रबर घट्ट असतं, मोठ्यांना जाणवत नाही, मुलांना ते उघडत नाही. मग ती तहानलेली राहते किंवा झाकण अर्धवट लावून वह्या भिजवते.

घेताना सुटी रबरी कडी वेगळी मिळते का हे विचाराच. वर्ष-दीड वर्षात ती सैल पडते, काळी ठिपकते. चमच्याच्या दांड्याने हलकेच काढायची, सुरीने नाही. दुकानदार 'कडी मिळत नाही, झाकण नवीन घ्या' म्हणाला तर दुसरी बाटली बघा.