वेबसाईटला आठ महिने झाले, ऑर्डरी फक्त अकरा. कुठं चुकतंय?

चप्पललाईन_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमचं चप्पल लाईनला कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. माल आमचाच, चार कारागीर घरून काम करून देतात. गेल्या दिवाळीत साठ हजार घालून वेबसाईट करून घेतली. पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची गिऱ्हाईकं आता आपोआप येणार, असं घरात सगळ्यांनीच धरलं होतं. आठ महिन्यांत अकरा ऑर्डरी आल्या आणि त्यातल्या चार माघारी. आबा म्हणतात, तेवढ्यात दुकानाचं शटर नवं झालं असतं.

साईट करून देणारा आता म्हणतोय, महिना आठ हजार द्या, तीन महिन्यांत गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी. पानात न दिसणारे शंभरभर कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर टाकून शोधतात ते शब्द, घालणार म्हणे. पैसे द्यावेत का? का साईट बंद करून नुसतं इन्स्टाग्राम चालवू? लिंक खाली दिलीय. स्पष्ट सांगा.

उद्यमनगर_पंपवाला

देऊ नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनं आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडात घातलेली शब्दांची यादी, आम्ही क्रमवारीसाठी धरतच नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलं. आणि पानात लपवलेले शब्द त्यांच्या नियमात स्पॅम ठरतात, म्हणजे आहे ती जागाही जायची.

त्यापेक्षा आज एक काम करा. डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं डोमेन साईट करणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मुदत संपली, त्याचा फोन लागेना. साईट गेलीच, पण त्याच नावावरचे ईमेलही बंद पडले. कास्टिंगच्या दोन जुन्या पार्ट्यांच्या चौकशा आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. पैसे तुम्ही दिलेत म्हणून साईट तुमची, असं होत नाही. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात नाव, ईमेल, मोबाईल तुमचा पाहिजे.

चटणीवाली_ताई

दादा, तुमची लिंक मी पुण्याला दिलेल्या भाचीला पाठवली. तिला नवऱ्यासाठी कापशी, म्हणजे कोल्हापुरीतलाच एक प्रकार, घ्यायचीच होती. बाकी काही बोलले नाही, एवढंच म्हटलं, घे आणि कुठं अडलीस ते सांग.

फोनवर उघडल्यावर आधी अंबाबाईचं देऊळ, मग रंकाळा, मग पन्हाळा असे फोटो सरकत राहिले. चप्पल दिसायला तिला तीनदा खाली जावं लागलं. एकेक फोटो वरून पडदा सोडल्यासारखा उतरत होता. कापशी सापडली, पुढं साईज आठ. आठ म्हणजे बुटाचा आठ, का तुमच्या दुकानातला आठ? पाय रुंद असला तर? अंगठ्याला आवळली तर बदलून मिळते का? कुठंच काही नाही. तिनं पान बंद केलं.

हेच गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर आबांनी पाय बघूनच जोड काढला असता. कातडं चार दिवसांत पायाला धरतं, सुरुवातीला जरा घट्टच घ्या म्हणाले असते, हातानं वाकवून दाखवला असता. त्यातलं एक वाक्य साईटवर नाही. माघारी आलेल्या चार ऑर्डरी मापाच्याच असणार, बघा तपासून.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. कांदा-लसूण चटणीच्या पानावर अस्सल, पारंपरिक, दर्जेदार एवढंच लिहिलेलं. लोक फोनवर मात्र विचारायचे, किती तिखट? तेल सुटतं का? किती महिने टिकते? कुरिअरमध्ये डबा गळत नाही न्हवं? महिनाभर एका वहीत सगळे प्रश्न उतरवले आणि त्याची उत्तरं पानावर घातली. लई तिखट आहे, लहान मुलांना बेतानं द्या, हेही लिहिलं. लेक म्हणाली, गिऱ्हाईक पळेल. पळालं नाही. फोन कमी झाले आणि ऑर्डरी वाढल्या.

फोटो बारीक करून घ्या. तुमचा एकेक फोटो पाच-सहा एमबीचा आहे, दोनशे केबीत तेवढाच चांगला दिसतो. पानावरचा मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचं माप आहे. त्यांच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साईटवर फुकट तपासता येतं. आणि देवळाचे फोटो काढून तिथं कातड्याची वेणी घालतानाचा कारागिराचा हात दाखवा. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा तुमच्या साईटवर शब्द नाही. रेक्झिनच्या मशीनच्या चपला कोल्हापुरी म्हणून खपतात आणि हातानं शिवणारे तुम्ही गप्प, हे बघून खरंच जीव तुटतो.

इन्स्टाग्राम चालवा की, पण साईट बंद करू नका. इन्स्टावर चप्पल आवडते, पैसे देताना माणूस पत्ता आणि बदलून द्यायची अट शोधतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कुणाकडं करायची हे साईटवर द्यावंच लागतं. तुमच्या साईटवर नुसता एक फॉर्म आहे.

आणि आता पाऊस लागलाय. कातडी चप्पल या दिवसांत कोण घेतंय? ऑर्डरी अजून कमी होतील, घाबरू नका. दसऱ्याच्या आत हे सगळं उरकून घ्या.

चप्पललाईन_कोल्हापूर

लई उपकार झाले. चारही जोड मापावरूनच माघारी आले होते, आत्ता वही काढून बघितलं. डोमेनही माझ्या नावावर नाही, उद्या त्याच्या ऑफिसात जाऊन बसतो. महिन्याचे आठ हजार देणार नाही.

रात्री आबांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आतून खाकी कागद आणला, माझा पाय त्यावर ठेवला, पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ मारली आणि अंगठ्यापासून टाचेपर्यंत टेपनं माप घेतलं. मग चवड्याची रुंदी. म्हणाले, याचा फोटो काढ आणि घाल साईटवर.

ताई, जावईबापूंना तसाच पाय कागदावर ठेवून रेघ मारून फोटो पाठवायला सांगा, सोबत दोन्ही मापं सेंटीमीटरमध्ये. कापशीचा जोड आबा स्वतः काढून ठेवणार आहेत.