मदत हवी आहे : रेडिओवरची अहिराणी गाणी आता किती वाजता लागतात?

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शेत आहे. जळगाव जिल्ह्याच्या जुन्या आकाशवाणी केंद्राचं वेळापत्रक बदललंय. संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमानंतर अहिराणी लोकगीतं लागायची, त्या वेळेला आता दुसऱ्याच केंद्राची हिंदी गाणी सहक्षेपित होतात. आजीला कानबाईची (आमच्या खानदेशातल्या देवीची) गाणी ऐकायची असतात, श्रावणात तर हमखास.

सकाळ-दुपार-संध्याकाळ मिडियम वेव्ह लावून पाहिलं. आतला अँटेना आडवा असतो म्हणून संच फिरवून-फिरवून पाहिला. आवाज स्वच्छ येतो, कार्यक्रमच नाही. एफएमवर पाऊण मीटर तार छपरावर बांधली, तरी नुसती खरखर. केंद्राला फोन केला, पण उचलला गेला नाही. मोबाईल ॲप सुचवू नका. मळ्यात रेंज नाही आणि आजीला बटणांचाच रेडिओ जमतो. युट्यूबवरची डीजेवाली गाणी तिला नकोत, जात्यावरच्या चालीतली हवीत.

कार्यक्रम बंद झालाय की वेळ बदललीय? बदलली असेल तर वार आणि वेळ कोणती? आणि तो फक्त एफएमवर गेला असेल, तर चोपडा-अडावद भागात कोणाला एफएम नीट लागतं का, अँटेना कोणता आणि किती उंच लावलाय?