मदत हवी आहे: सायकल फेरीच्या वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. नेरुळच्या आमच्या सोसायटीतले वीस-पंचवीस जण डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे पाम बीच रोडने वाशी ते बेलापूर आणि परत, अशी सायकल फेरी काढतोय. जमलेले पैसे खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) उपचारांसाठी येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय बघणाऱ्या एका संस्थेला द्यायचेत.

सायकलींचं काही अडत नाही, अडतं ते पैशांपाशी. गेल्या वर्षी सगळी वर्गणी माझ्याच यूपीआयवर आली. त्यातच दूधवाल्याचे, भिशीचे व्यवहार. अडीचशे रुपये नेमके कोणाचे, ते अजून सापडलेलं नाही! वर एका काकांनी ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीसाठीची, पावती मागितली. मी कुठून देणार? ती संस्थेनेच द्यायची असते. शिवाय २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर करसवलत मिळतच नाही.

म्हणून यंदा संस्थेचाच क्यूआर कोड लावायचा विचार आहे. पण मग कोणत्या सायकलस्वाराच्या नावाने किती जमले, हे कसं कळणार? प्रत्येकाकडे स्क्रीनशॉट मागायचा म्हणजे जिवावर येतं. कोणी काही युक्ती केली आहे का?

आणखी एक. रस्ता बंद करायचा नाहीये, तरी वाहतूक पोलिसांना पत्र द्यावं लागतं का? किती दिवस आधी? तिथे पहाटे गाड्या सुसाट असतात, म्हणून काळजी. हेल्मेट नसेल त्याला मात्र गेटवरूनच परत पाठवणार, चेअरमन असले तरी.

हिशेबाचा तक्ता कोणाकडे तयार असेल तर प्लीज पाठवा.